‘ध’चा ‘मा’ आणि पुढचं पान

दोस्तांनो, तुमच्या घरी असं होतं का बघा. रात्रीचे साडेदहा वाजलेत. आईचं दोनदा सांगून झालंय, "दिवा मालव आता." बाबांची तिसरी हाक जरा वरच्या पट्टीतली. आणि पांघरुणातून उत्तर जातं, "एवढं प्रकरण संपवतो नि झोपतोच!" प्रकरण संपतं. पण शेवटच्या ओळीत कुणीतरी दार ठोठावतं, नाहीतर फोन वाजतो, नाहीतर ज्याच्यावर आपला पूर्ण भरवसा होता तोच गडी शत्रूच्या गाडीतून उतरताना दिसतो. आता कसली झोप येते!

मला अशी पुस्तकं शाळेत असल्यापासून आवडतात, आणि त्यातही राजकीय कटाची जास्तच. कुणीतरी सरकार उलथवायला निघालंय, कुणाचा तरी जीव धोक्यात आहे, ते फक्त दोघांतिघांना ठाऊक आहे, आणि हातात दिवस उरलेत अवघे चार. वाचणारा पुस्तक खाली ठेवेल कसा?

आमच्या भाईंदरला तेव्हा स्टेशनाजवळ, एका इमारतीच्या जिन्याखाली, पुस्तकं भाड्यानं देणारं एक दुकान होतं. खोली कसली, कपाटच ते! पण त्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळा पहाड होते, गुरुनाथ नाईक होते, सुहास शिरवळकर होते. अर्नाळकरांनी तर हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, हेसुद्धा मला त्या दुकानातल्या काकांनीच सांगितलं. म्हणजे रहस्यकथा लिहिणारे स्वतःच टोपणनावानं वावरत होते! पुस्तकं इतक्या हातांतून फिरलेली, की पानं पापडासारखी झालेली. एकदा एका पुस्तकाचं शेवटचं पानच नव्हतं. खुनी कोण, ते त्या पानावर. मी चाळीत, शाळेत, क्रिकेटच्या मैदानात विचारत फिरलो, "तू वाचलंयस का रे?" तिघांनी वाचलं होतं, आणि तिघांनी तीन वेगळी नावं सांगितली! हे शेवटचं पान लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या पुस्तकांची खरी गिऱ्हाईकं मात्र गाडीत भेटायची. भाईंदरहून चर्चगेटला जायला चांगला तासभर, आणि त्यातला बराचसा उभ्यानं. एका हातानं वरची कडी धरायची, दुसऱ्या हातात दुमडलेलं पुस्तक. मीरा रोड, दहिसर, बोरिवली... स्टेशनं येत नि जात. अंधेरीला उतरायचं सोडून दादरला पोचलेले गृहस्थ मी डोळ्यांनी पाहिलेत. ते वैतागले असतील असं वाटेल तुम्हाला. छे! उलटी गाडी मिळेपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसून ते पुढचं पान वाचत होते.

असं काय असतं या पुस्तकांत?

पहिलं म्हणजे गुपित. लेखक आपल्या कानात सांगतो, "बाहेर सगळं नेहमीसारखं दिसतंय ना? पण आत काय शिजतंय, बघ." गोष्टीतल्या पोलिसांना माहीत नाही, मंत्र्याला माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे! आठवीतल्या मुलाला घरात कुणी काही सांगत नसतं. त्याला एकदम एवढं मोठं गुपित मिळालं, की तो दोन वीत उंच होतो.

दुसरं म्हणजे घड्याळ. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली. प्रत्येक प्रकरण छोटं आणि पळतं. जलद गाडी जशी मधली स्टेशनं सोडून धडाडत जाते, तशी ही पुस्तकं मधली जेवणं, झोपा, हवापाण्याच्या गप्पा सगळं गाळून पळतात.

आणि तिसरं म्हणजे हिशोब. पहिल्या प्रकरणात पडलेलं बटण विसाव्या प्रकरणात सापडतं. काहीच उगाच घडत नाही. प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी असतं, आणि शेवटी तो कळतो. आपल्या रोजच्या आयुष्यात असं कुठे होतं? हरवलेली छत्री कुणी नेली, तेसुद्धा कळत नाही!

फ्रेडरिक फोर्साईथ या इंग्रज पत्रकाराचं ‘द डे ऑफ द जॅकल’ हे पुस्तक १९७१ साली आलं. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला एक भाडोत्री मारेकरी निघतो, ही त्याची गोष्ट. तिच्या मागे एक खरी घटना आहे. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ द गॉल यांच्या मोटारीवर कट करून गोळ्यांचा पाऊस पाडला होता, आणि ते वाचले होते. फोर्साईथनं तिथून पुढे कल्पनेनं दुसरा कट रचला. पुस्तक त्यानं पस्तीसेक दिवसांत लिहिलं, पण एकामागून एक प्रकाशकांनी ते परत केलं. का? तर द गॉल तेव्हा चांगले हयात होते. मारेकरी फसणार हे वाचकाला आधीच ठाऊक, मग वाचणार कोण, असं त्यांना वाटलं. वाचलं मात्र साऱ्या जगानं! कारण इथे ‘काय होणार’ हा प्रश्नच नाही, ‘कसं होणार’ हा आहे. खोटं नाव, खोटे कागद, खास बनवून घेतलेली बंदूक, सगळं पायरीपायरीनं दिसतं. एका बाजूनं मारेकरी निघालाय, दुसऱ्या बाजूनं त्याला शोधणारा एक साधासुधा, शांत पोलीस अधिकारी. आणि आपण एकाच वेळी दोघांच्याही डब्यात बसलेले!

मराठीत या वाटेवरचं माझं आवडतं नाव म्हणजे अरुण साधू. तेही पत्रकारच. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली ‘सिंहासन’ चित्रपट काढला. सुरुवातीलाच मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो, की तुम्हाला खुर्चीवरून खाली खेचायचा बेत शिजतोय. बस्स. बंदूक नाही, पाठलाग नाही, नुसता एक फोन. पण तेवढ्यानं प्रत्येक हसणारा चेहरा संशयित होऊन जातो. मोठ्या वर्गातल्या मुलांनी आईबाबांबरोबर बसून जरूर बघावा असा चित्रपट आहे.

माझी भाची नववीत आहे. तिलाही हाच नाद लागलाय. परवा एक जाडजूड पुस्तक दोन दिवसांत संपवून ती म्हणाली, "मामा, खरंच असं असतं का रे? म्हणजे, असे कट खरे असतात की हे सगळं लेखकाच्या डोक्यातलं?"

मी म्हटलं, "खरे असतात. फ्रान्सपर्यंत जायला नको. तू ज्या जमिनीवर उभी आहेस ना, ती एका कटामुळे हातची गेली होती."

"भाईंदर?" तिचे डोळे एवढाले झाले.

तर ऐका. थोरले माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले. त्यांच्या मागून धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. वय किती? सतरा. तुमच्या अकरावी-बारावीतल्या ताई-दादाएवढा! त्याचे सख्खे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना स्वतःला पेशवाई हवी होती. ते शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. पगारासाठी कुरकुरणारे गारदी, म्हणजे पेशव्यांच्याच पदरचे पहाऱ्याचे शिपाई, भरदुपारी गलका करत वाड्यात घुसले. नारायणराव जीव घेऊन काकांच्या दालनाकडे धावला. पण तिथेच त्याला मारलं गेलं. अठरा वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती त्याला.

इथपर्यंत गोष्ट अगदी थरारकथेसारखी पळते. वाडा, पहारा, फितुरी, धावणारा मुलगा. आणि मग येतो सगळ्यांना पाठ असलेला तो तुकडा. राघोबादादांनी गारद्यांना लिहिलं होतं, ‘नारायणरावांस धरावे’. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्यातला ‘ध’ खोडून ‘मा’ केला, आणि ‘धरावे’चं झालं ‘मारावे’. एका अक्षरानं पेशवा मारला! ‘ध’चा ‘मा’ करणं हा तेव्हापासून मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला.

"काय भारी ना!" भाची म्हणाली. मग थोडं थांबून, "पण मामा, तो कागद कुठेय?"

शाब्बास! हाच प्रश्न विचारायचा. असा अक्षर बदललेला मूळ कागद आज कुणी समोर ठेवू शकत नाही, आणि या कहाणीला भक्कम पुरावा नाही असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे खून खरा, कट खरा, पण ज्या तुकड्यामुळे तो आपल्या लक्षात राहिला, त्या तुकड्याबद्दलच शंका! आणि त्या तुकड्यापायी एका बाईच्या नावाला अडीचशे वर्षं बट्टा लागून राहिलाय. आनंदीबाई निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही. पण शेवटचं पान फाटलेलं असलं, की लोक आपल्याला सर्वांत रंगतदार वाटेल ते नाव तिथे लिहून टाकतात. आमच्या त्या भाड्याच्या पुस्तकाचं झालं होतं तसंच.

मग खरं काय ते शोधलं कुणी? रामशास्त्री प्रभुणे यांनी. पुण्याचे न्यायाधीश. तेव्हा राघोबादादाच सत्तेवर होते. म्हणजे चौकशी करायची कुणाची, तर ज्याच्या हाती सगळी सत्ता आहे त्याची! रामशास्त्र्यांनी कागद बघितले, माणसं तपासली, आणि दोष राघोबादादांचा आहे हे त्यांना तोंडावर सांगून, पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. यात पाठलाग नाही, तलवार नाही. पण मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातला सर्वांत धाडसी माणूस हाच.

पुढे नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी मिळून राघोबादादांना बाजूला काढायचा बेत केला. त्याला नाव पडलं बारभाईंचं कारस्थान. बघा हं, एका कटाला उत्तर म्हणून दुसरा कट! नारायणरावाच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरावर सुरक्षित ठेवलं. १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांना मुलगा झाला, आणि त्या तान्ह्या बाळालाच, सवाई माधवरावाला, पेशवा केलं गेलं. राघोबादादा पळाले ते इंग्रजांकडे.

आणि इथून पुढचं पान आपल्या दारात उघडतं. मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला आहे. हा मुलूख आणि खाडीपलीकडची वसई पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली होती चिमाजी अप्पांनी, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत. चिमाजी अप्पा हे राघोबादादांचे सख्खे काका. इंग्रजांचा डोळा या मुलखावर कधीचाच होता. १७७४ साल संपता संपता त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेला त्यांच्याशी तह करून साष्टी आणि वसई लिहून दिली. कशासाठी? तर पेशवाई मिळवून द्या म्हणून. काकानं रक्त सांडून घेतलेलं पुतण्यानं सहीनं देऊन टाकलं! मग सात वर्षं लढाया आणि वाटाघाटी चालल्या. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे खाडीच्या पलीकडे मराठ्यांचं राज्य, आणि अलीकडे, आपल्या भाईंदरच्या बाजूला, इंग्रजांचं.

शनिवारवाड्यातली ती दुपार गोष्टीत चार पानांत संपते. तिचे परिणाम मात्र नऊ वर्षं चालले, आणि ते आपल्या मिठागरांपर्यंत येऊन पोचले. थरारकथा नेमकं हेच गाळते. तिला घाई असते ना!

खरे कट उघडकीला येतात तेही असेच, सावकाश. अमेरिकेतलं वॉटरगेट प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या एका इमारतीतल्या रखवालदाराला, फ्रँक विल्सला, दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. त्यानं ती काढून टाकली. पुढच्या फेरीत बघतो तर पुन्हा लावलेली! त्यानं पोलिसांना फोन केला, आणि विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण सापडले. तिथून धागा धरून पत्रकार, न्यायाधीश आणि चौकशी समित्या दोन वर्षं खपल्या, तेव्हा कुठे ९ ऑगस्ट १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं. सुरुवात कुणी केली? आपलं काम नीट करणाऱ्या एका रखवालदारानं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमचा याच्याशी काय संबंध? सांगतो.

मागे एका संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप आला. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, फेरीवाल्याच्या वेषात येतात, ताबडतोब सगळ्यांना कळवा. अर्ध्या तासात फाटकाशी वीस-पंचवीस माणसं जमली, आणि मधोमध एक भंगार गोळा करणारा म्हातारा, खांद्यावर पोतं घेऊन, घाबराघुबरा झालेला. "पोत्यात काय आहे?" "कुठून आलास?" आवाज चढत चाललेले. नीट बघा, सगळं होतं तिथे! गुपित होतं, कारण आम्हालाच कळलंय. घड्याळ होतं, कारण ताबडतोब काहीतरी करायचं होतं. आणि हिशोबही जुळत होता, अनोळखी माणूस अधिक पोतं म्हणजे टोळी. थरारकथाच की! फक्त लेखकाचं नाव नव्हतं.

भाची माझ्याबरोबर होती. ती हळूच म्हणाली, "मामा, हा निरोप मुळात लिहिला कुणी?" मी तोच प्रश्न मोठ्यानं विचारला. ज्यानं त्यानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं. त्याला त्याच्या साडूनं पाठवलेला, साडूला आणखी कुणी. कुणाचं मूल हरवलंय? कुणाचंच नाही. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या नि म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्याकडची रद्दी नेतात दर महिन्याला! पाणी द्या आधी त्यांना." गर्दी पांगली.

सगळीकडे असा प्रश्न विचारणारं कुणी नसतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असाच निरोप फिरला होता. भिक्षा मागायला आलेल्या पाच निरपराध माणसांना जमावानं मुलं पळवणारे समजून मारून टाकलं. भटक्या समाजातली साधी माणसं होती ती. एवढ्या मोठ्या जमावात ‘तो कागद कुठेय?’ या प्रश्नाला जागा उरली नाही.

मग काय, अशी पुस्तकं वाचायचीच नाहीत? छे हो! उलट भरपूर वाचा. पुस्तक आपल्याशी प्रामाणिक असतं. ते वर लिहूनच ठेवतं, की मी कादंबरी आहे, मला अमक्यानं लिहिलंय. त्यात कट असणारच आणि शेवटी तो उलगडणारच, ही लेखकाची हमी असते. खऱ्या जगात तशी हमी कुणी दिलेली नाही. कधी कट असतो, कधी नुसता गोंधळ असतो, कधी कुणाचा आळस, कधी कुणाची थाप. कुठलं काय आहे, ते शोधावं लागतं.

म्हणून आमच्या घरात आता एक खेळ चालतो. पुस्तक संपलं, की वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहायचे. हे सांगतंय कोण? त्याला हे कसं कळलं? आणि दुसरं काही कारण असू शकेल का? भाचीनं हे प्रश्न आधी पुस्तकांना विचारले, मग टीव्हीवरच्या बातम्यांना, आणि आता ती मलाही विचारते. "मामा, अंधेरीचे ते गृहस्थ खरंच दादरला पोचले होते की तू रंगवून सांगतोयस?" खरंच पोचले होते, पण मागितला तर पुरावा नाही माझ्याकडे!

आईबाबांनो, मुलं रात्री जागून असलं काही वाचत असतील तर थोडं चालवून घ्या. सकाळी चहाबरोबर एवढंच विचारा, "काय रे, कुणी केलं मग? आणि तुला कधी संशय आला?" बघा कसं भडाभडा बोलतात ते.

आणि दोस्तांनो, एखाद्या रविवारी घोडबंदरच्या किल्ल्यावर जाऊन या. आपल्या महापालिकेच्या हद्दीतच आहे तो. समोर खाडी दिसेल. हा मुलूख कुणी जिंकला, कुणी लिहून दिला, आणि मधल्या त्या दुपारी पुण्यात काय घडलं, ते तिथे उभं राहून एकमेकांना सांगा. ‘ध’चा ‘मा’ही सांगा खुशाल, मजा येते त्यात. फक्त सांगताना पुढे जोडा, "अशी कहाणी आहे बरं का, कागद काही सापडलेला नाही."